एका वर्गातील दोन रांगा

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या खडकवासला येथील खेत्रपाल मैदानावर ३० मे २०२५ रोजी १४८ व्या तुकडीचे दीक्षान्त संचलन झाले. तीनशेहून अधिक तरुण छात्रांच्या त्या तुकडीत सतरा तरुणी होत्या. १९५५ मध्ये प्रबोधिनी खडकवासल्यास आली, तेव्हापासूनच्या सत्तर वर्षांत हे प्रथमच घडले. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने प्रवेशपरीक्षेचे दार मुलींसाठी उघडले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या परीक्षेस बसल्या, आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. ह्या घटनेचे वृत्तपत्रांनी यथोचित कौतुक केले. मुली किती धावतात, किती ओझे उचलतात, केस किती आखूड ठेवतात, ह्याचीही चर्चा झाली. मात्र साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या वयात प्रवेश घेणारे मुलगे आणि मुली एकमेकांशी बोलावयास कशी शिकली, हे कोणी विचारले नाही. सैनिकी शिक्षणात हा प्रश्न बहुधा आपोआप सुटत असावा. ज्यांना एका मैदानावर संचलन करावयाचे आणि उद्या एकमेकांच्या हुकमावर विश्वासून राहावयाचे, त्यांना मौनव्रत परवडत नाही.

प्रबोधिनीच्या फाटकाबाहेर मात्र तो सुटलेला नाही. खडकवासला गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. गाव संपून शहर कोठे सुरू होते हे सिंहगड रस्त्यावर आता सांगता येत नाही. नांदेड, किरकटवाडी, धायरी, वडगाव ह्या पट्ट्यात इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागून शाळाही निघाल्या. ह्यांतील बहुतेक शाळांत मुलगे-मुली एका वर्गात बसतात. परंतु एका वर्गात बसतात म्हणजे एकत्र बसतात असे नव्हे. मधल्या वाटेच्या एका बाजूस मुलींची बाके, दुसऱ्या बाजूस मुलग्यांची. पुष्कळ शाळांच्या हजेरीपटावर मुलगे आधी, मुली नंतर. प्रार्थनेच्या रांगा वेगळ्या आणि कवायतीच्याही वेगळ्या. आठवीतल्या एखाद्या मुलास आजारपणात बुडलेल्या विज्ञानाच्या तासांची वही हवी असते आणि वर्गातली सर्वांत नेटकी वही दोन हातांवरच्या बाकावर असते. तो ती मागत नाही. मित्राच्या बहिणीमार्फत निरोप पाठवतो, नाही तर दुसऱ्या गल्लीतल्या मुलाची गचाळ वही उतरवून काढतो. मुलीलाही ते कळत असते, पण आपण होऊन वही पुढे करण्याचे धाडस तिच्यातही नसते, कारण तसे करणारी मुलगी ‘आगाऊ’ ठरते.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शाळेत मुले शिकावयास जातात, गप्पा मारावयास नव्हे, असे म्हणणारे पालक आणि शिक्षक आजही बहुसंख्य आहेत. पण ज्या समाजात मुलगा आणि मुलगी ह्यांना दहा वर्षे एका छपराखाली ठेवून एकमेकांशी चार साधी वाक्ये बोलता येत नाहीत, त्या समाजाच्या शाळा शिकवतात तरी काय, हा प्रश्न उरतोच.

पुण्याला ह्या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने शिकावे की नाही हाच वाद होता. कोणाशेजारी बसून शिकावे हा पुढचा. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली तीही स्वतंत्र मुलींची. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी ही एकटी विद्यार्थिनी होती, आणि आपल्याला वर्गात येऊ न देण्यासाठी विद्यार्थी दरवाजे कसे लावून घेत, हे तिने पुढे आठवणींत नोंदवून ठेवले आहे. ती पदवी परीक्षेत चमकली, १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली आणि कायदा शिकली. दरवाजे लावणाऱ्यांची नावे इतिहासाने जपलेली नाहीत. धोंडो केशव कर्व्यांनी १९०० मध्ये आपला आश्रम शहराबाहेर हिंगण्यास नेला. तेथून पुढे मुठेचे खोरे वर चढत खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाते. मुलींसाठी गजबजाटापासून दूरची, स्वतंत्र जागा ही त्या काळाची गरज होती, आणि त्या वेगळेपणाने हजारो स्त्रियांना शिक्षण मिळाले, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. मुलींच्या स्वतंत्र शाळांवर आज सरसकट टीका करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

तथापि परिस्थितीने लावलेली पडदी परिस्थिती बदलल्यावरही शिल्लक राहिली की तिला परंपरेचे रूप येते. पेठांतील नामवंत संस्थांनी मुलांची शाळा आणि मुलींची शाळा अशा दोन शाळा चालविल्या. नूमविचे तसेच होते, भावे स्कूलचेही तसेच होते. हंसा मेहता समितीने १९६० नंतरच्या दशकात प्राथमिक स्तरावर सहशिक्षणाचा पुरस्कार केला, कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मुलगे आणि मुली ह्यांच्या अभ्यासक्रमांत भेद करू नये असा विचार मांडला. साताऱ्यातील सैनिक शाळा १९६१ ची, देशातील अगदी पहिल्यांपैकी. तिच्यासह सर्व सैनिक शाळांत मुलींना प्रवेश मिळावयास २०२१ साल उजाडावे लागले. प्रवेश मिळाला, अभ्यासक्रम एक झाला, परीक्षाही एक झाली. संभाषण मात्र अभ्यासक्रमात कधी आलेच नाही, आणि शाळेने ते केवळ शिकविले नाही एवढेच नव्हे, तर त्याच्या विरुद्ध शिकविले. त्याचे पुरावे शोधावयास दूर जावयास नको.

वर्गात बडबड करणाऱ्या मुलाला मुलींच्या बाकावर, दोघींच्या मध्ये नेऊन बसविणे ही शिक्षा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती देणाऱ्या शिक्षकाचा हेतू दुष्ट नसतो. छडीपेक्षा ती सौम्य आणि गमतीची आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. सारा वर्ग हसतो, मुलगा लाल होतो, मुली बाकाच्या टोकाला सरकतात आणि तास शांततेत पार पडतो. पण ह्या पंचेचाळीस मिनिटांत चाळीस-पन्नास मुलांच्या मनावर काय कोरले जाते? मुलीशेजारी बसणे ही लाज आहे, हे मुलगे शिकतात. आपले अस्तित्व ही दुसऱ्याला द्यावयाची शिक्षा आहे, हे मुली शिकतात. भूगोलाच्या तासाला शिकविलेला भूगोल सहा महिन्यांत विसरला जातो. हा धडा विसरला जात नाही.

ह्याच जातीचा दुसरा प्रकार राखीचा. एखाद्या मुलाने एखाद्या मुलीशी बोलल्याचे, चिठ्ठी दिल्याचे उघडकीस आले की तिच्याकडून त्याला सर्वांसमक्ष राखी बांधवून घ्यावयाची, आणि प्रकरण मिटले असे मानावयाचे. रक्षाबंधनासारख्या सणाचा पोलिसी बंदोबस्तासाठी असा उपयोग करणे हे त्या सणाच्याही अपमानाचे आहे, ही गोष्ट बाजूस ठेवू. ह्यातून मुलामुलींना सांगितले जाते ते इतकेच की स्त्री-पुरुषांत दोनच नाती संभवतात: एक भावाबहिणीचे आणि दुसरे जे नाव घेऊन बोलावयाचे नाही ते. सहाध्यायी, सहकारी, शेजारी, स्नेही ही तिसरी मोठी प्रजा ह्या हिशेबात बसतच नाही. दररोज सकाळी सगळ्या भारतीयांना बांधव म्हणून प्रतिज्ञा घेणाऱ्या मुलांची त्या शब्दावरची ठरलेली थट्टा प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते. ती थट्टा वात्रट आहे खरी, पण तिच्या मुळाशी हाच घोटाळा आहे.

आणि तिसरे म्हणजे चिडविणे. मुलगा मुलीशी बोलत नाही तो मुलीला भितो म्हणून, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तो भितो ते मागच्या बाकावरच्या प्रेक्षकांना. त्याने पेन्सिल मागितली की दोघांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात, बाकावर, स्वच्छतागृहाच्या भिंतीवर एकत्र लिहिली जातात; मग तिचे नाव कोणीही घेतले की त्याच्याकडे पाहून खोकावयाचे. हा खेळ आठवड्याभरात दोघांचे बोलणे बंद पाडतो. बंद पडल्यावर त्यास ‘भांडण झाले’ असे नाव मिळते आणि खेळाची दुसरी फेरी सुरू होते. शाळेतील निरोगी स्नेह मारण्याचे काम मुख्याध्यापकांच्या नियमांनी जितके केले नसेल, तितके ह्या खोकल्याने केले आहे. पुष्कळ शिक्षक त्याकडे पोरखेळ म्हणून काणाडोळा करतात, काही त्यात स्मित मिसळतात, आणि ते स्मित मुलांना बरोबर दिसते.

अशा वातावरणात वाढलेला मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी कनिष्ठ महाविद्यालयात जातो तेव्हा त्याच्यापाशी मुलीशी बोलावयाची भाषाच नसते. ती तो चित्रपटांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून उसनी घेतो. चित्रपटातला नायक नायिकेच्या मागे जातो, वाट अडवितो, नकार हा होकाराचाच एक प्रकार समजतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत यशस्वी होतो. ह्या उसनवारीतून मराठी मुलखात एक चमत्कारिक वाक्प्रयोग रूढ झाला: ‘माझ्याशी फ्रेंडशिप करशील का?’ तालुक्याच्या गावापासून पुण्याच्या महाविद्यालयापर्यंत हे वाक्य सर्वांना ठाऊक आहे. ओळख नाही, चार शब्दांचे बोलणे नाही, आणि एकदम स्नेहाची मागणी. जणू अर्ज खिडकीतून आत सरकवावयाचा आणि मंजुरीची वाट पाहावयाची. मैत्री ही बोलण्यातून हळूहळू होते, मागून मिळत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अर्ज नामंजूर झाला की तो स्वतःस अपमानित समजतो, आणि मंजूर झाला तर तिच्यावर आपला काही हक्क निर्माण झाला असे समजतो. दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत.

त्या किती घातक ठरू शकतात हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १९९० मध्ये उल्हासनगरात शालान्त परीक्षेस बसलेल्या मुलीला परीक्षाकेंद्रातच जाळून मारण्यात आले. २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत, भर दिवसा, एका तरुणाने एका विद्यार्थिनीवर कोयता उगारला. तिने आपल्याशी बोलणे थांबविले हा त्याचा राग होता, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. ती वाचली ती स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारे तरुण मध्ये पडले म्हणून. असे गुन्हे करणारे थोडे असतात, आणि प्रत्येक लाजाळू मुलाकडे संशयाने पाहणे हा मूर्खपणा होईल. पण गुन्हा करणाऱ्याच्या आणि न करणाऱ्याच्या मनात नकाराविषयीची समजूत एकच असेल, तर ती समजूत कोठून आली हे पाहिलेच पाहिजे. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मुलग्यांना शिकविण्याची, त्यांची दृष्टी घडविण्याची आवश्यकता बोलून दाखविली होती.

ह्या बाबतीत कायदा शाळेपेक्षा अधिक स्पष्ट आहे, हे नमूद करावयास हवे. मुलीशी बोलणे हा गुन्हा नाही. तिने अनिच्छा स्पष्टपणे दर्शविल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे, पाठलाग करणे, हा गुन्हा आहे; भारतीय दंड संहितेत त्याचे कलम २०१३ मध्ये आले आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. तसेच २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविषयक कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधास संमती ही संमती मानली जात नाही. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला ह्या दोन गोष्टी सोप्या मराठीत सांगितल्या गेल्या पाहिजेत. त्या सांगावयास आपल्याकडे संकोच आडवा येतो. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवीत राहिले आणि त्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढे २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम गदारोळ होऊन थांबविण्यात आला, तेव्हाही फारसे काही बदलले नव्हते.

पालकांची भीती, विशेषतः मुलीच्या पालकांची, येथे उडवून लावता येणार नाही. मुलगा मुलीशी बोलला तर त्याला चिडवितात. मुलगी मुलाशी बोलली तर तिची शाळा सुटते. सिंहगड रस्त्याच्या नव्या संकुलांत हे कमी झाले असेल, पण धरणापलीकडच्या डोंगराळ भागातून शिकावयास येणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही भीती पुस्तकी नाही. कोणी तरी तिला एखाद्या मुलाबरोबर बसथांब्यावर उभी पाहिली, अथवा रविवारी भजी आणि भाजलेली कणसे खावयास लोटणाऱ्या धरणाच्या चौपाटीवर पाहिली, की वार्ता तिच्याआधी घरी पोहोचते, आणि मग ‘आता पुरे शिक्षण’ हा निर्णय घेण्यास एक संध्याकाळ पुरते. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. बदनामीचे भय हे त्यामागील एकमेव कारण नसले तरी एक कारण खचित आहे. म्हणून मुलीशी स्नेहाने बोलू इच्छिणाऱ्या मुलाने हे आधी समजून घ्यावे की त्याच्या उतावीळपणाची किंमत ती भरते. ती चारचौघांत तुटक बोलली तर तो गर्व नसून हिशेब असतो.

मग बोलावे तरी कसे? ह्यावर मुलांना कोणी गंभीरपणे काही सांगत नाही, आणि गल्लीतले जे सांगतात ते न सांगितलेले बरे. वस्तुतः ह्यात मंत्र-तंत्र काहीच नाही. ज्या कामाने दोघे एका छपराखाली आले आहेत त्या कामाचे बोलणे हा सर्वांत सरळ आरंभ: घटकचाचणीचा भाग, प्रयोगवहीची तारीख, स्नेहसंमेलनातले नाटक, कालच्या सामन्याचा निकाल. तिच्या रूपावर, कपड्यांवर बोलू नये. स्तुतीही नको, कारण त्या स्तुतीला तिच्यापाशी उत्तर नसते. चारचौघांत बोलावे, कोपऱ्यात नव्हे. हाक कशी मारावी हाही आपल्याकडे प्रश्न आहे. ‘अहो’ म्हणावे तर वर्ग हसतो, नुसते ‘ए’ असभ्य वाटते, ‘ताई’ म्हणणे म्हणजे पुन्हा राखीचा बंदोबस्त. मराठी शाळांनी आडनावाने हाक मारण्याची जी रीत पाडली आहे ती ह्या दृष्टीने फार उपकारक आहे. ‘जोशी, उद्याचा तास रद्द आहे का?’ ह्या वाक्यात मुलगा-मुलगी असा भेदच उरत नाही.

आरंभापेक्षा टिकविणे अवघड. मागून नेलेली वही सांगितलेल्या दिवशी परत करणे ह्यात निम्मी मैत्री आहे. तिने बोलता बोलता आजी रुग्णालयात असल्याचे सांगितले असेल तर आठ दिवसांनी ‘आजी कशा आहेत?’ एवढे विचारणे पुरते. दुसरा माणूस ऐकतो आहे हे कळण्यासाठी याहून मोठा पुरावा लागत नाही. तिचे बोलणे मित्रांच्या कट्ट्यावर नेऊन वाटू नये. अशा गोष्टी लपत नाहीत आणि एकदा कळल्या की पुन्हा बोलणे होत नाही. भ्रमणध्वनीचा क्रमांक ओळख होताच मागू नये, आणि मिळाल्यावर रात्री अकराला ‘जेवलीस का’ असे विचारीत बसू नये. उत्तर एका शब्दात आले, दोनदा आले, तर तेथे थांबावे. थांबता येणे हीही संभाषणाचीच कला आहे, आणि जो सन्मानाने थांबतो त्याच्याशी पुढे कधी तरी ती आपण होऊन बोलण्याचा संभव असतो. नाही बोलली, तरी त्याचे काही हरवत नाही. मुलींनाही ह्यात थोडे सांगण्यासारखे आहे: बोलावयाचे नसेल तर तसे स्वच्छ सांगावे, आणि बोलावयाचे असेल तर मुलाने सुरुवात करण्याची वाट पाहत वर्ष घालवू नये. पण ‘आगाऊ’ हा शब्द जोवर शिक्षकांच्या खोलीत वापरला जातो, तोवर हा उपदेश त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही.

म्हणून प्रश्न पुन्हा शिक्षकांकडेच येतो. खडकवासल्याच्या परिसरातच प्रबोधिनीतील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालय आहे. केंद्रीय विद्यालये रचनेनेच सहशिक्षणाची आणि त्यांच्यात सदनांची पद्धत असते. एका सदनातल्या मुलामुलींना वक्तृत्वापासून धावण्यापर्यंत एकमेकांच्या गुणांवर जिंकावे लागते. बदलीच्या नोकरीतल्या आईबापांची ती मुले दर तीन-चार वर्षांनी नव्या वर्गात बसतात आणि पहिल्या आठवड्यात कोणाशी तरी बोलल्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. तेथे सारे आदर्श असते असे मुळीच नव्हे. परंतु काम जोडून दिले की बोलणे निमित्त शोधीत बसत नाही, हे तेथे दिसते. आपल्या मराठी शाळांतही प्रयोगशाळेतील चौघांचा गट दोन मुलगे आणि दोन मुली असा करता येतो. भित्तिपत्रकाचे संपादन, वनभोजनाचा जमाखर्च, ग्रंथालयाची पुस्तके मोजणे ही कामे मिश्र जोड्यांना देता येतात. हजेरीपट आडनावांच्या अकारविल्हे लावता येतो. चिडविण्याचा पहिला खोकला ऐकू येताच तास थांबवून त्याच्याविषयी दोन वाक्ये बोलता येतात.

ह्यांपैकी एकाही गोष्टीसाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही आणि खर्च तर काहीच नाही. बडबड्या मुलाला कोठे बसवावयाचे हा प्रश्न तेवढा शिल्लक राहतो. त्याला पुढच्या बाकावर, फळ्यासमोर, शिक्षकांच्या टेबलाजवळ बसवावे.